शकुबाई आणि सरकारी खिचडी

दशमीची सकाळ होती, पितृपक्षातली. गॅसवर एकीकडे दूध, दुसरीकडे चहा. लेक दिशा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होती आणि आमचे हे आरशासमोर गालाला फेस लावून, डब्यात आज काय आहे हे तिसऱ्यांदा विचारत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी कडी वाजवली की मला लगेच कळतं, माणूस जुन्या वळणाचं आहे नाहीतर घाईत आहे. शकुबाई दोन्ही होत्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी शाळा आहे, तिथल्या त्या शिपाई. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं पटांगण दिसतं. त्यामुळे दहाबारा वर्षं मी त्यांना रोज पाहत आले, खराट्याने पाचोळा लोटताना, घंटा देताना, उशिरा आलेल्या पोराच्या पाठीवर दप्तरासकट हात ठेवून आत ढकलताना. पण आमचा जिना त्या कधी चढल्या नव्हत्या. संक्रांतीला बोलावलं तरी खालीच तीळगूळ घेऊन जायच्या.

"या ना, बसा. चहा होतोच आहे."

"बसायला येळ नाय, वहिनी. सकाळचा टेम्पो आला नाय."

"येईल हो. चिखलात अडकला असेल कुठे."

"अडकला नाय. बंद केला. म्या डायवरला फोन लावला. तो म्हनला, आक्का, तुमच्या शाळेचं नाव आजपासून कापलं. तुमच्याकडं खायला लय झालंय म्हनं."

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. दोन हजार आठ सालच्या भाद्रपदात गोदावरीला मोठा पूर आला. पंचवटीत नदीकाठच्या खालच्या वस्तीत पाणी माणसाच्या डोक्याच्या वर गेलं. पाणी उतरलं तेव्हा घरांतून गुडघाभर काळा गाळ राहिला. भिंती होत्या त्यांना भेगा, पत्रे होते ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच दारात. तिथली कुटुंबं सरकारने या शाळेत आणून ठेवली. वर्गांतली बाकं भिंतीला रचली आणि फरशीवर सतरंज्या अंथरल्या. दोन वेळा एक टेम्पो यायचा, त्यात मोठ्या डब्यांतून तांदूळ-डाळीची खिचडी. पिवळी, सैल, कधी मीठ कमी. पण गरम असायची आणि यायचीच. शाळेची किल्ली शकुबाईंकडे, म्हणून छावणीचं सगळं त्यांच्याकडेच आलं. नळाला रांग लावणं, बायकांच्या बाजूला पडदा बांधणं, म्हाताऱ्यांना खालचे वर्ग देणं. त्यांना हे कुणी वेगळं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मी पटकन म्हटलं, "थांबा, मी मोठ्या पातेल्यात पोहे करते. शेजारी सावित्रीबाईंनाही सांगते."

"ते कराच. पन मागच्या दारानं आना."

"मागच्या का?"

"पुढं कुनी पाहिलं तर पुन्हा लिहित्याल, खायला लय हाय म्हनून." त्या हसल्या नाहीत. "आन् वहिनी, माझं काम दुसरं हाय. माझ्यासंगं कचेरीत चला. मी एकटी गेले तर म्हनत्याल शिपाईबाई आली, उभी राहू दे. तुम्ही असला तर खुर्ची देत्याल. खुर्चीवर बसलेल्या मानसाला लवकर हाकलता येत नाय."

आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, माझा डबा?"

"पोहे न्या आज," मी म्हटलं.

नाव कापलं गेलं ते कसं, हे मी खिडकीतून पाहिलंच होतं. पूर आला तो नेमका पितृपक्षात. आमच्या नाशकात पितृपक्ष म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गावोगावचे लोक रामकुंडावर पितरांचं करायला येतात, आणि गावातल्या घरोघरी ज्याच्या त्याच्या तिथीला खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी असा स्वयंपाक होतो. त्या वर्षी घाटच गाळात होता. पिंडदानाला जागा नाही, भटजींच्या घरांतच पाणी. मग लोकांना शाळा सापडली. पितरांच्या नावाने पूरग्रस्तांच्या तोंडी घास जाईल, याहून चांगलं ते काय? माणसं मनापासून आणत होती, त्यात खोट काढावी असं काही नाही. आमच्या गल्लीतूनही पातेली गेली.

फक्त प्रत्येक जण आणायचा तो आपल्या तिथीला. पंचमीला ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी पंचमीला आणलं, सप्तमीवाल्यांनी सप्तमीला. कधी दुपारी चार घरचं एकदम, कधी एकाच घरचं. सगळं दुपारीच, कारण श्राद्धाचा स्वयंपाक रात्री कोण देणार? आणि सगळं गोड आणि तळलेलं.

"आमचा नंबर कावळ्यानंतर," असं गोटीराम म्हणायचे. फुलांचे हार करून विकणारे सत्तरीचे म्हातारे, खालच्या वस्तीतले. त्यांच्या झोपडीत शेवंतीची पाटी आणि सुतळीची रिळं होती, ती सगळी वाहून गेली. बोलणं मात्र शाबूत होतं. "कावळा शिवला की यांना आमची आठवन. माझ्या बापाला जित्तेपनी एवढी खीर मिळाली नाय, जेवढी मी चार दिवसांत दुसऱ्याच्या बापाच्या नावानं खाल्ली."

मग नवमी आली. अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईची तिथी कुणाला माहीत असो नसो, तिचं नवमीला करतात. असं घर क्वचितच असेल ज्यात एखादी आई, सासू, आजी नवऱ्याच्या आधी गेली नाही. त्या दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. पुऱ्यांच्या परड्या, खिरीची पातेली, पुरणपोळ्या, साड्यासुद्धा. आणि नेमके त्याच वेळी मदतकार्याचे गवांदे साहेब पाहणीला आले. पातेल्यांकडे पाहिलं, वहीत काही लिहिलं, जाताना शकुबाईंना म्हणाले, "छान चाललंय तुमचं. समाज जागा आहे म्हणायचा."

साहेबांचं डोकं वाईट चाललं असं नाही. त्यांच्याकडे किती छावण्या, किती तांदूळ, किती टेम्पो. जिथे लोक देतायत तिथलं उचलून, जिथे कुणी देत नाही तिथे पाठवावं, असं त्यांनी केलं. कुणीही केलं असतं. नवमी रोज नसते, एवढंच राहून गेलं.

कचेरीत जाताना शकुबाई माझ्या दोन पावलं पुढे चालत होत्या. अंगावर निळी सरकारी साडी, धुऊन उशीखाली ठेवून इस्त्री केलेली. रस्त्याकडेला लोकांनी गाद्या वाळत घातल्या होत्या आणि सगळ्या पंचवटीला ओल्या कापसाचा वास होता. मी म्हटलं, "शकुबाई, एक विचारू? लोक देतायत, आम्ही देतोय. थोडं पुढेमागे होईल, पण उपाशी कुणी राहणार नाही. मग या खिचडीसाठी एवढी धावपळ?"

 त्या जे बोलल्या ते तुकड्यातुकड्यांनी, मध्येच रस्ता ओलांडत, मध्येच ओळखीच्या भाजीवालीला हात करत. मी ते इथे सलग मांडते आहे.

शकुबाई मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याच्या अलीकडच्या एका गावच्या. लग्न होऊन नाशकात आल्या. नवरा सहादू याच शाळेत शिपाई. शाळेच्या मागे एक खोली, दोन मुली. चौऱ्याण्णव साली सहादूला कावीळ झाली. औषध देणाऱ्यांनी औषध दिलं, उतारा टाकणाऱ्यांनी उतारा टाकला. पंधरवड्यात माणूस गेलं. तेव्हा शकुबाई पस्तिशीच्या आतबाहेर असतील.

"मयताच्या घरी चूल पेटवत नाय ना, वहिनी. शेजारच्यांनी पिठलं-भात आनला, भाऊबंदांनी आनलं. मानसं चांगली होती. येवढं आनायचे की म्या सांगायची, बास करा. तेराव्याला तर चार गावची मानसं जेवली. आन् चौदाव्या दिवशी सकाळी म्या उठले, तर दारात कुनी नाय. म्या मुलींना म्हनलं, येईल कुनीतरी. दुपारपतूर वाट पाहिली. मग कळलं, त्यांचं संपलं."

कुणी वाईट नव्हतं, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तेरा दिवस करायची रीत, लोकांनी रीत पाळली. पुढे दीर दर महिन्याला बाजरी द्यायचा. पण देताना ओट्यावर चार माणसं बसलेली असली तरच द्यायचा, आणि पायली ओतताना विचारायचा, "पुरेल ना गं?" त्या "पुरेल" म्हणायच्या. दोन वर्षं त्या मार्केटात भाजी निवडायला गेल्या, हिरव्या मिरच्यांनी हात जळेपर्यंत. आणि दोन वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, अनुकंपा म्हणून नवऱ्याच्या जागी नोकरीची ऑर्डर निघाली.

"उशीर किती केला त्यांनी," मी म्हटलं.

"लय उशीर केला. चपला झिजल्या माझ्या. पन सांगू का, वहिनी, ज्या दिवशी ऑर्डर घ्यायला गेले ना, त्या बाबूनं माझ्याकडं पाहिलं बी नाय. इथं सही करा म्हनला, आन् पुढच्याला हाक मारली. मला लय बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"मग. त्यानं विचारलं नाय, पुरेल ना गं. तो काही स्वतःच्या घरचं देत नव्हता. मला मान खाली घालायला लागली नाय." त्या थांबून माझ्याकडे वळल्या. "भाऊबंद लगेच आले आन् गेले. सरकार उशिरा आलं, पन आलं ते गेलं नाय. पहिली तारीख म्हनजे पहिली तारीख. माझा दिवस चांगला असो, वाईट असो. त्यांचा बी."

मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं. कल्याणकारी राज्यावर दहा मार्कांचं उत्तर कधीकाळी पाठ केलं होतं, त्यातलं आता काही आठवत नाही. पण त्या रस्त्यावर उभं राहून मला एवढं वाटलं की दयाळू माणूस दया आली की देतो, आणि दया ही पाहुण्यासारखी असते, तिच्या सवडीने येते. पोट रोजचं आहे. रोजच्या गोष्टीला रोज बांधलेलं कुणीतरी लागतं, ज्याला नाही म्हणायची सोय नाही.

"ती रेहाना पाहिली ना तुम्ही?" शकुबाई म्हणाल्या. "तिच्याचसाठी जास्ती करून."

रेहानाला मी पाहिली होती. भांडीबाजारात कल्हई करणाऱ्या सलाउद्दीनची बायको, तेवीस-चोवीसची, कडेवर अडीच महिन्यांची पोर. अलिशा नाव. पुराच्या रात्री सलाउद्दीनने पोरीला डोक्यावरच्या टोपलीत घालून बाहेर काढलं होतं. त्या वर्षी पितृपक्ष आणि रमजान एकाच वेळी आले. सलाउद्दीनचे रोजे चालू होते. दुपारी आलेली खीर त्याच्या काय कामाची? संध्याकाळपर्यंत ठेवली तर आंबायची. अंगावर पाजणारी म्हणून रेहानाने रोजे धरले नव्हते, पण पहिल्या दोन दिवसांच्या वड्या-पुऱ्यांनी तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. तिला चालायची ती फक्त खिचडी. सकाळी एक ताट, संध्याकाळी एक ताट. शकुबाईंनी टेम्पोवाल्याला सांगून संध्याकाळची खेप रोजा सुटायच्या सुमारास आणायला लावली होती, म्हणजे सलाउद्दीन गरम खाईल आणि डबाभर पहाटेच्या सेहरीलाही राहील. रेहानाचं पोट ठीक राहिलं तर दूध चालणार, दूध चाललं तर पोर. तसं सगळं त्या पिवळ्या खिचडीवर येऊन टेकलं होतं.

कचेरीत गवांदे साहेब नव्हते, दुसऱ्या छावणीवर गेले होते. एक कारकून होता. मला खरंच खुर्ची मिळाली. शकुबाई उभ्या राहिल्या.

कारकून म्हणाला, "बाई, तुमच्याकडे तर काल लग्नाची पंगत होती म्हणे. साहेबांनीच सांगितलं."

"काल होती. आज नाय."

"मग संस्थांना सांगा ना. मंडळांचे नंबर देऊ का?"

"मंडळ माझं मालक नाय, दादा. मी ज्यांचा पगार घेते त्यांना सांगायला आले."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, ही बाई तुमच्याबरोबर आहे का, अशा अर्थाने. मी होय अशी मान हलवली. तो जरा नरमला. "हे बघा, एकदा बंद झालं की चालू करायला साहेबांचा शेरा लागतो. साहेब पाहतील तेव्हा."

"मग साहेबांना उद्या दुपारी शाळेत यायला सांगा. काल आले होते त्याच येळेला."

"कशाला?"

"पाव्हनचार राहिला त्यांचा."

कारकून हसला. शकुबाई नाहीत. पण निघताना त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, दुपारी, जेवणाच्या वेळेला.

त्या दशमीला दुपारी एकाच घरून आलं. छोटं पातेलं, त्यात खीर, आणि वीसेक पुऱ्या. आणणारे गृहस्थ बिचारे ओशाळले. एवढी माणसं असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. शकुबाईंनी पुऱ्यांचे तुकडे करून पोरांना दिले. संध्याकाळी आम्ही गल्लीतल्या बायकांनी भाकरी आणि पिठलं केलं आणि मागच्या फाटकातून नेलं. सावित्रीबाई पदराखाली पातेलं झाकून चालत होत्या. म्हणाल्या, "चोरीच्या मालासारखं नेतोय गं. माझ्या जन्मात मी दान लपवून केलं नाही."

"मग दाखवून केलंत का?" मी म्हटलं.

"दाखवून नाही, पण दिसतंच ना."

पिठलं सगळ्यांना थोडं थोडं आलं. रोजा सुटल्यावर सलाउद्दीनने भाकरी पाण्यात कुस्करून खाल्ली. कुणी तक्रार केली नाही, आणि तेच मला टोचलं. घरच्या जेवणात मीठ कमी पडलं तर आमचे हे दहा वेळा सांगतात. सरकारी खिचडीला हीच माणसं रोज नावं ठेवायची, "आज डाळ कुठं गेली, पोहत पैलतीरी?" असं गोटीराम टेम्पोवाल्याच्या तोंडावर म्हणायचे. आमच्या पिठल्यात गुठळ्या होत्या, मला माहीत आहे. गोटीराम म्हणाले, "लय झ्याक झालंय, माई." आणि मान खाली घातली.

घरी येऊन मी उद्याची तयारी करायला लागले. डबा उघडला, साबुदाणा काढला, धुऊन निथळत ठेवला, आणि तिथेच थांबले. उद्या एकादशी. पितृपक्षातली एकादशी. पंचवटीत निम्म्या घरी उपास, अन्न शिजत नाही, शिजलं तर वरी नाहीतर साबुदाणा. त्या दिवशी कुणाची तिथी आली तरी बरेच जण श्राद्ध दुसऱ्या दिवशी ढकलतात. शकुबाईंनी साहेबांना नेमकं उद्या दुपारी बोलावलं होतं.

सकाळी मागच्या फाटकाशी त्या भेटल्या तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला आधीच लक्षात होतं?"

"माझा बी उपास असतो ना, वहिनी," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली भाकरीची टोपली घेतली. पोरांना आणि रेहानाला पुरतील एवढ्याच होत्या.

दुपारी मी माझ्या खिडकीत उभी होते. मग राहवलं नाही, खाली गेले. गवांदे साहेब आले ते मोटारसायकलवर मागे बसून. बुटांवर वाळलेला चिखल, दाढी वाढलेली, डोळे तांबडे. आठवडाभर हा माणूस नीट झोपला नसणार. मनात त्यांच्यावर जरा राग धरून गेले होते मी, तो धरून ठेवता आला नाही.

व्हरांडा रिकामा होता. धुतलेली फरशी, एका कोपऱ्यात पालथी घातलेली ताटं. पायरीवर गोटीराम बसले होते आणि आत वर्गात कुणाचं तरी पोर किरकिरत होतं. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आज कुणी आलं नाही?"

"येत्याल की," गोटीराम म्हणाले. "बसा साहेब."

साहेब बाकावर बसले. शकुबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळाने फाटकातून एक म्हातारे गृहस्थ आले, हातात केळ्यांचा घड. तो व्हरांड्यात ठेवला, हात जोडले, म्हणाले, "आज एकादशी, नाहीतर आणलं असतं काहीतरी." आणि गेले.

साहेब त्या घडाकडे पाहत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "एकादशी. अरे हो, सकाळी बायकोने मला भगरच दिली."

"तुमचा बी उपास, साहेब?" गोटीराम म्हणाले. "देनाऱ्यांचा उपास, आनायला सांगनाऱ्यांचा उपास, आन् आत तो कल्हईवाला, त्याचा बी रोजा. सगळं गाव एका पंगतीला बसलंय आज. फक्त पान कुनाच्या म्होरं नाय."

साहेब उठून वर्गाच्या दारापर्यंत गेले. सलाउद्दीन भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. रेहाना पोरीला मांडीवर घेऊन थोपटत होती. अलिशा रडत होती, पण मोठ्याने नाही. रडायला जो जोर लागतो तोही तिच्यात कमी वाटला मला.

"काय खाल्लं आज?" साहेबांनी विचारलं.

रेहानाने आधी शकुबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुबे रोटी खाई, साब. अर्धी. शकुखाला ने दी."

"आणि काल?"

"काल भी खाला ने दी." ती थांबली. "दूध उतरत नाही, साब. पहिले उतरत होतं."

साहेब बाहेर आले. खिशातून मोबाईल काढला. "मी आत्ता दोन मंडळांना फोन लावतो. ओळखीचे आहेत, माझा शब्द टाळणार नाहीत. संध्याकाळपर्यंत इथे काहीतरी येईल."

"नको, साहेब," शकुबाई म्हणाल्या.

"नको? अहो, मी त्यांचीच सोय करतोय."

"मंडळ संध्याकाळी आनंल. चांगलं आनंल. उद्या बारशीला बी आनंल. अमावस्येला तर येवढं येईल की तुम्ही पुन्हा येऊन पाहाल. आन् मग नवरात्र बसंल, मानसं आपापल्या देवाच्या नादी लागत्याल. त्यांनी लागावंच. ते काही या लोकांचे बांधील नायत."

"आणि मी आहे?"

शकुबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढला नाही, पण गावाकडची अहिराणी बोली तोंडात आली, जी मी कधी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. "मंग कोन शे, साहेब? ह्या लोकेस्ले इथं आनीसन कोनी ठेवं?"

या लोकांना इथे आणून कुणी ठेवलं, हे साहेबांना वेगळं सांगायला नको होतं. मोटारसायकलवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. त्यांना अजून दुसरीकडे जायचं असणार, तिथेही कुणी व्हरांड्यात उभं असणार.

"शकुबाई," ते शेवटी म्हणाले, आता साहेबासारखं नाही, दमलेल्या माणसासारखं, "मी स्वतः लिहून दिलंय की इथे गरज नाही. ते मागे घ्यायचं म्हणजे मला वर जाऊन सांगावं लागेल की माझं चुकलं. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते."

"सोपं नाय, मला ठाव हाय."

"तुम्ही एवढं करताय इथे. तुमच्या नावाची शिफारस करतो मी. सत्कार होईल. तुम्हाला स्वतःला काही हवं असेल तर तेही सांगा. खोलीचं काही, मुलींचं काही. पण हे सोडून सांगा."

शकुबाईंनी पदर नीट केला. व्हरांड्यात आता सगळेच येऊन उभे होते, गोटीराम, वर्गांतल्या बायका, पोरं, दाराच्या चौकटीत पोरीला छातीशी धरून रेहाना.

"मला काय नको, साहेब," त्या म्हणाल्या. "खिचडीचा टेम्पो तेवढा चालू करा. दोन येळा. ही मानसं आपापल्या घरी जाईपतूर."